पोळ्याच्या आत चंद्रप्पाचा खून

शिवकांतअप्पांना आपला खून होणार असल्याची बातमी गिऱ्हाइकाकडून कळली. साखर जोखायचं काम चालू होतं, त्यामुळे त्या बातमीकडं लगेच लक्ष देता आलं नाही.

गिऱ्हाईक म्हणजे बन्सीधर. बोरीत अप्पांचं किराणा दुकान आहे आणि त्या दुकानाच्या फळीवर रोज सकाळी येऊन बसणं हा बन्सीधरचा शेतीखालोखालचा धंदा आहे. बसल्याचा मोबदला म्हणून तो काहीतरी किरकोळ विकत घेतो. त्या दिवशी साखर घेत होता. दुकानाच्या मागच्या दाराला पडदा आहे, पडद्यामागं घर. घरातून त्रिवेणीबाईंचा, म्हणजे अप्पांच्या पत्नीचा, स्वच्छ आवाज आला.

"सिद्धम्मानं ताकाच्या पेल्यात पांढरी पूड मिसळली पूर्णविराम तिचा हात कापला नाही पूर्णविराम नवऱ्याला तिनं हाक मारली स्वल्पविराम अहो, ताक घेता ना प्रश्नचिन्ह."

बन्सीधरनं साखरेची पिशवी फळीवर ठेवली.

"अप्पा, घरात कोण हाय?"

"बायको."

"अन् ताक कुणाला द्यायल्यात?"

"कादंबरी लिहायलीय ती," अप्पा म्हणाले. "फोनला सांगायचं अन् फोननं लिहायचं. पुण्याच्या लेकीनं शिकवून ठेवलंय."

"मंग ठीक हाय." बन्सीधरला हायसं वाटलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मरणार कोण हाय पण?"

"चंद्रप्पा म्हणून हाय एक. त्या सिद्धम्माचा नवरा."

"करतो काय?"

"दुकान."

"कशाचं?"

"किराण्याचं," अप्पा जरा हळू म्हणाले.

बन्सीधरनं दुकानावरून एक नजर फिरवली. तेलाचे डबे, गुळाची ढेप, वजनकाटा, अप्पा.

"दिसायला कसा हाय?"

"मी कुठं वाचलंय?"

पडद्यामागून आवाज आला, "चंद्रप्पा कानात काडी घालून, एक डोळा मिटून गिऱ्हाइकाचं ऐकायचा पूर्णविराम."

अप्पांनी कानातली काडी काढली आणि मिटलेला डोळा उघडला. बन्सीधर साखर घेऊन उठला. जाताना म्हणाला, "जपून राहा, अप्पा." दुपारपर्यंत ही बातमी बसथांब्यावर पोचली होती.

त्रिवेणीबाईंना शिवणकामाची तीस वर्षं झाली होती. बोरीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या मशीनखालून गेले. ब्लाउजचं माप देताना बाई दोन्ही हात वर करून उभी असते, आणि त्या अवस्थेत खोटं बोलणं अवघड जातं. त्यामुळे संसार या विषयाचा त्यांचा अभ्यास कुठल्याही प्राध्यापकापेक्षा दांडगा होता. आता डोळे थकले, शिलाई कमी झाली, हात मोकळे झाले आणि इतक्या बायकांनी सांगितलेलं सगळं डोक्यात तसंच पडून राहिलं. त्याची कादंबरी झाली. खून तेवढा त्यांनी पदरचा घातला.

पहिली प्रकरणं त्यांनी परभणीहून निघणाऱ्या एका दिवाळी अंकाचे संपादक नागनाथराव यांना फोनवरच पाठवली. नागनाथरावांचा उलट फोन आला. "बाई, पूर्ण कादंबरी छापतो. मात्र पोळ्याच्या आत शेवट द्या." त्रिवेणीबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं तेव्हा अप्पा जेवत होते. ते म्हणाले, "बरं झालं." कादंबरी कशाची, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

आता सुचलं. संध्याकाळी दुकान बंद करून ते आत गेले. त्रिवेणीबाई भाकरी थापत होत्या.

"कामून मारायलीस गं त्याला?"

"कुणाला?"

"चंद्रप्पाला. दारू पितो का?"

"न्हाई."

"बाहेर काही भानगड?"

"त्याला कोण विचारतंय?"

"मारतो का बायकोला?"

"तो? ढेकूण मारायचा तरी बायकोला हाक मारतो."

"मंग केलंय तरी काय त्या माणसानं?"

त्रिवेणीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "तो 'बघू' म्हणतो."

"एवढंच?"

"एवढंच. न्हाणीघराची कडी मोडली, बघू. खिडकीतले डबे काढा, मशीनला उजेड येईना, बघू. राणीसावरगावला बहिणीकडं जाऊन येऊ, बघू. न्हाई म्हणला असता तर सिद्धम्मा भांडली असती, रडली असती, मोकळी झाली असती. बघू म्हणणाऱ्याशी भांडता येत न्हाई. त्याला मारावंच लागतं."

अप्पांनी न्हाणीघराकडं पाहिलं. कडी मोडलेली होती. तिथं सुतळी होती, आणि ती सुतळीही जुनी झाली होती.

त्या रात्री त्यांना झोप लागली, कारण ती त्यांना कायमच लागते, पण उशिरा लागली. आजवर त्यांची अशी समजूत होती की आपला संसार चांगला झाला. लेक शिवरंजनी मार्गी लागली, घरात कधी भांडं आपटलं नाही, दोघांचं वजन वाढलं. पण त्रिवेणीनं तीस वर्षांचा विचार करून नवऱ्याला ताक पाजायचं ठरवलं असेल, तर आपली समजूत एकट्याचीच होती म्हणायची. सबब त्यांनी मनाशी सरळ हिशेब मांडला. चंद्रप्पा जगला तर आपण पास. मेला तर नापास. आणि चंद्रप्पाला जगवायला पोळ्यापर्यंतची मुदत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी इष्टलिंगाची पूजा आटोपली, लिंग गळ्यात घातलं आणि स्वतः हातोडी घेऊन न्हाणीघराची कडी बसवली. उलटी बसली. दार आतून लागेना, बाहेरून मात्र पक्कं लागे. त्रिवेणीबाई आत असताना ते एकदा लागलंही. पण त्यांनी आतून हाक मारली ती रागाची नव्हती, एवढं अप्पांनी टिपून ठेवलं.

मग खिडकीतले रिकामे डबे निघाले. मशीनवर असा उजेड पडला की त्रिवेणीबाईंना आपल्या मशीनचा रंग हिरवा असल्याचं पुन्हा कळलं. त्यानंतर राणीसावरगाव झालं. बहिणीच्या घरी अप्पा मुक्काम करतो म्हणाले, तेव्हा साडूंनी त्यांना बाजूला घेऊन तब्येत विचारली. परतीच्या एसटीत त्यांनी बायकोला खिडकीची जागा दिली आणि वर विचारलं, "वारं लागायलंय का जास्त?"

त्रिवेणीबाईंनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं.

पडद्यामागचे पूर्णविराम कमी झाले. एक सकाळ अशी गेली की आतून काहीच ऐकू आलं नाही. बन्सीधर अस्वस्थ झाला.

"थांबलं का काय?"

"विचार बदलायली असंल," अप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. त्रिवेणीबाई दुकानात आल्या. गिऱ्हाईक असताना त्या सहसा दुकानात येत नाहीत. पण बन्सीधरला गिऱ्हाईक म्हणावं की नाही, याबद्दल त्यांचं मत ठरलेलं आहे.

"तुमी हे बंद करा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हे. सकाळी उठून चहा करणं, पिशव्या उचलणं, 'बस, दमली असशील' म्हणणं. मला राग येईना झालाय."

"मंग चांगलं हाय की."

"माझी सिद्धम्मा ताकाचा पेला घेऊन चार दिवस उभी हाय दारात! तिला पुढं जाता येईना. पेला पुढं करायला गेले की मला खिडकीतला उजेड दिसतो. संपादकांचा रोज फोन. आयुष्यात पयल्यांदा कुणीतरी मला काहीतरी मागायलंय, ब्लाउज सोडून, अन् तुमी नेमकं आत्ताच सुधरायला लागले!"

बन्सीधरनं अप्पांकडं तक्रारीच्या नजरेनं पाहिलं. "बरोबर हाय वहिनीचं. एवढी घाई काय व्हती?"

अप्पा गोत्यात आले. चांगलं वागावं तर बायकोचं पुस्तक अडतं, वाईट वागावं तर चंद्रप्पा मरतो. त्यांनी त्या दिवशी जेवताना एकदा 'बघू' म्हणून पाहिलं. त्रिवेणीबाई म्हणाल्या, "मनापासून न्हाई आलं." आणि त्यांना आणखी वरण वाढलं.

शेवटी राग येण्याची वाट न पाहता, एखाद्या गिऱ्हाइकाची तारीख दिल्यावर मन लागो न लागो मशीनवर बसावं, तसं त्रिवेणीबाईंनी काम पुरं करायचं ठरवलं. हे अप्पांना कळलं ते एका दुपारी. जेवून ते खाटेवर आडवे झाले होते. पायाला गार काहीतरी लागलं. डोळे उघडले तर त्रिवेणीबाई खाटेच्या टोकाशी बसलेल्या, आणि त्यांच्या हातातली शिवणकामाची टेप अप्पांच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत लावलेली.

"काय करायलीस?"

"पाय मोजायले. हलू नका."

"चप्पल आणायची का?"

"न्हाई. खड्ड्याला."

लिंगायतांच्या घरात वाढलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडं मेलेल्याला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात, हातात त्याचं इष्टलिंग ठेवून. आणि खड्डा कुणाच्याही फुटपट्टीनं खणत नाहीत. जो गेला त्याच्याच पायाचं माप धरायचं, त्याची नऊ पावलं भरतील एवढा चौकोन घ्यायचा, अशी जुनी रीत आहे. आंघोळ घालून झाली की जंगम, म्हणजे आमचे स्वामी, दोरा घेऊन ते माप घेतात. जिवंत माणसाला आपल्या पायाच्या मापाची भीती वाटावी अशी सोय फक्त आमच्यातच आहे.

"माझाच पाय कामून पण?" अप्पांनी विचारलं.

"चंद्रप्पाचा कुठून आणू?"

अप्पांनी दुसराही पाय पुढं केला. त्रिवेणीबाई म्हणाल्या, "एकच पुरे."

त्याच संध्याकाळी नागनाथरावांचा फोन आला. त्रिवेणीबाईंनी तो मोठ्या आवाजावर ठेवला, कारण शिलाई करताना त्या तसाच ठेवतात.

"बाई, खून झकास जमलाय. पण फार सफाईदार झालाय. ही बाई सापडणार कशी? कुणाला शंकाच येत नाही. वाचक म्हणेल, मग आम्ही वाचलं कशाला? तिची एक चूक पाहिजे. लहानशी. पण तिच्याच हातून होईल अशी."

"विचार करते."

"नाही सुचली तर दुसरा उपाय आहे. चंद्रप्पाला दवाखान्यात नेऊ, वाचवू. दोघांना पश्चात्ताप. कौटुंबिक कथा म्हणून छापू, दिवाळीला गोड शेवट चालतो. पण मग मुखपृष्ठावर नाव नाही हं. मुखपृष्ठावर खून लागतो."

फोन बंद झाला. अप्पांना दवाखाना हा शब्द इतका गोड कधी वाटला नव्हता. चूक नाही सुचली तर चंद्रप्पा वाचतो. आणि सुचणार कशी? त्रिवेणीची चूक होते हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिवेणीबाईंनी परसात फरशीवर शिंप्याच्या खडूनं खड्ड्याचा चौकोन आखला. डोळ्यासमोर चित्र पाहिजे म्हणाल्या. मापानं आखला, काटकोन धरून, ब्लाउजची पाठ कापावी तसा नेटका. मग अप्पांना बोलावलं.

"यात बसून बघा. मांडी घालून. चंद्रप्पा मावतो का ते बघू दे."

अप्पा बसले. ऐसपैस मावले. तेवढ्यात भिंतीपलीकडून बन्सीधरचं डोकं वर आलं.

"बसले का? त्रास न्हाई ना काही?"

"हवेशीर हाय," अप्पा म्हणाले.

"वहिनी, जरा मोठा वाटायलाय."

"माझं माप चुकत न्हाई," त्रिवेणीबाई म्हणाल्या आणि भाजी करपेल म्हणून आत गेल्या.

अप्पांना उगीच चैन पडेना. आयुष्यभर वजनकाट्यावर नजर ठेवलेला माणूस. ते उठले, चौकोनाच्या रेघेला टाच लावली आणि टाचेला अंगठा भिडवत पावलं टाकत गेले. नऊ झाली. पुढं चार बोटांहून जास्त जागा उरली. पुन्हा मोजलं. तेवढीच उरली.

ते आत गेले. "त्रिवेणे, तू पायाचं माप किती धरलंस?"

"पाय अधिक अर्धा इंच."

"अर्धा इंच कामून?"

त्रिवेणीबाईंचा हात कढईत थांबला. मग त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून. "हाताची सवय हो. वाढत्या अंगाचं माप धरायचं. पाय वाढला तर?"

"माझा? ह्या वयात?"

"तुमचे सदरे मी कायम असेच शिवलेत. पुढं अंग भरलं तर कुठं जायचं, म्हणून."

अप्पांनी अंगातल्या सदऱ्याकडं पाहिलं. खरंच सैल होता. सगळेच सैल होते. लग्नानंतर तिनं शिवलेला पहिला कोटसुद्धा सैल होता, आणि तो अजून अंगाला होतो. दुकानात जाऊन बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की संपादकाला पाहिजे ती चूक आपल्याला सापडलीय.

सिद्धम्माही शिवणकाम करते. नवरा झोपलेला असताना ती माप घेऊन ठेवणार. घाईत खड्डेवाल्याला तेच माप देणार. मग जंगम रीतीप्रमाणं मेलेल्याच्या पायाचा दोरा घेऊन खड्ड्यात उतरणार, नऊ वेळा लावणार, आणि पुढं जागा उरणार. तो वर बघून विचारणार, बाई, हे माप कुणी घेतलं? मेलेल्याचा पाय काही वाढत नाही. वाढीला जागा जित्या माणसाच्या मापाला ठेवतात.

झालं. सिद्धम्मा सापडली. आणि चंद्रप्पा मेला.

अप्पांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. बन्सीधरलासुद्धा नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते लक्षात यावं. त्यांनी दोन दिवस गप्प राहून शेंगदाणे निवडले. बोलायची गरजच काय? पोळा तोंडावर आलेला. चंद्रप्पा दवाखान्यातून सुखरूप परत येणार, जिल्ह्यात दिवाळीला वाचला जाणार, आणि बोरीतला एक किराणा दुकानदार पास होणार.

तिसऱ्या दिवशी पडद्यामागून आवाज आला.

"डॉक्टर म्हणाले, धोका टळला आहे. चंद्रप्पानं डोळे उघडले. सिद्धम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, माझंही चुकलंच."

अप्पांनी कान दिला. वाक्यं बरोबर होती. पण त्रिवेणी ती रेशनच्या दुकानातल्या रांगेत नाव सांगावं तशी सांगत होती, आणि एकाही वाक्यामागं पूर्णविराम म्हणत नव्हती. फळीवर बसलेल्या बन्सीधरनं जांभई दिली.

"वाचला वाटतं," तो म्हणाला. "वाचणारच की. वाईट माणसं लय टिकतात. चालतो मी, सोयाबीन बघायचंय."

हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच घडलं, बन्सीधर काही न घेता गेला.

अप्पा पडदा सारून आत गेले. त्रिवेणीबाई खिडकीच्या उजेडात बसल्या होत्या, फोन मांडीवर पालथा.

"झालं का?"

"झालं. पाठवते आता."

"कसं वाटायलंय?"

"कसं वाटायचं? गिऱ्हाईक म्हणलं बाह्या फुग्याच्या पाहिजेत, तर फुग्याच्या. आपल्याला आवडो का न आवडो." त्या फोनकडं बघत राहिल्या. "मुखपृष्ठावर नाव येणार व्हतं. शिवरंजनीला सांगून बसले मी."

अप्पा खाटेवर टेकले. टोपी काढली, परत घातली. माणूस स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो तेव्हा हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नाही.

"पाठवू नको," ते म्हणाले. "त्याला मार."

"कुणाला?"

"चंद्रप्पाला. ताक दे त्याला. अन् सिद्धम्मा कशी सापडते ते मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. जंगमाचा दोरा, उरलेली जागा, वाढीचा अर्धा इंच, सगळं. सांगताना ते इतके रंगात आले की खड्ड्यात उतरणारा जंगम स्वतःच झाले आणि फरशीवर टाचेला अंगठा लावत चालून दाखवलं. त्रिवेणीबाई आधी ऐकत होत्या, मग उभ्या राहिल्या, मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! तिनं वाढीला जागा ठेवली!"

"ठेवली ना."

"म्हणजे तिला मनातून वाटतच न्हवतं तो मरावा."

"ते मला ठाऊक न्हाई," अप्पा खाली बघत म्हणाले. "मी फक्त मापाचं बोलायलोय."

त्रिवेणीबाई पुढं आल्या आणि त्यांनी अप्पांच्या सदऱ्याची बाही, खांद्यावरून घसरली होती ती, सारखी केली.

"तुमाला कधी कळलं हे?"

"परवा."

"अन् दोन दिवस गप बसले?"

"जीव वाचत व्हता त्याचा," अप्पा म्हणाले. "वाटलं, राहू द्यावं."

त्रिवेणीबाईंनी फोन उचलला. दवाखाना खोडला, डॉक्टर खोडला, पश्चात्ताप खोडला आणि खून पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला. दुपारभर पडद्यामागून असे पूर्णविराम येत होते की गिऱ्हाइकं सामान घेऊनही जाईनात. बन्सीधरला कुणीतरी शेतात निरोप दिला. तो चिखलाच्या पायांनी पळत आला आणि फळीवर जागा नसल्यामुळे मिठाच्या पोत्यावर बसला. चार वाजायच्या सुमाराला चंद्रप्पानं ताक पिऊन पेला खाली ठेवला. एका म्हातारीनं हात जोडले.

अप्पांनी दुकानाचं एक फळकूट लावून घेतलं. अगदी बंद करणं बरं दिसलं नसतं, आणि अगदी उघडं ठेवणंही.

आतून त्रिवेणीबाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या जंगमाला खड्ड्यात उतरवू लागल्या. आवाज पुन्हा खणखणीत झाला होता. अप्पा ऐकत बसले. त्यांना स्वतःला नवल वाटलं, पण त्यांना लय बरं वाटत होतं.

गर्दी पांगली. बन्सीधर तेवढा राहिला. तो बराच वेळ अप्पांच्या शेजारी मान खाली घालून बसला, जसं दुःखाच्या घरी बसतात. शेवटी त्यानं अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चांगला माणूस व्हता चंद्रप्पा."

अप्पांनी थोडा विचार केला.

"तसा काही न्हवता," ते म्हणाले. "पण शेवटी शेवटी सुधारला व्हता."